छोट्या बेट-देशांना हवामान निधी मिळतो कसा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तुवालू, मालदीव, ग्रेनाडा ही नावे आपल्याकडे छापून येतात ती एक तर वादळानंतर, नाही तर ‘बुडणारी बेटे’ अशा मथळ्याखाली. समुद्राला अडवायला लागणारा पैसा या देशांना कोण देते, तो कोणत्या दाराने मागावा लागतो आणि मंजूर झाल्यावरही हातात पडायला वर्षे का जातात, हा भाग बातमीत सहसा नसतो. त्याबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न इथे घेतले आहेत. सगळ्या रकमा अमेरिकी डॉलरमध्ये आहेत. एक अब्ज म्हणजे शंभर कोटी.

छोटे बेट-देश म्हणजे नेमके कोणते?

संयुक्त राष्ट्रांच्या यादीत असे ३९ देश आहेत. कॅरिबियनमधले जमैका, बार्बाडोस, ग्रेनाडा; प्रशांत महासागरातले फिजी, तुवालू, किरिबाती, व्हानुआतू; हिंदी महासागरातले मालदीव, सेशेल्स आणि मॉरिशस, वगैरे. मॉरिशस आपल्याला तसा परका नाही. एकोणिसाव्या शतकात तिकडे मजुरीला गेलेल्या मराठी कुटुंबांचे वंशज आजही तिथे नांदत आहेत.

यादीत गयाना, सुरीनाम, बेलीझ असे बेट नसलेले देशही सापडतील. किनारा सखल, लोकसंख्या थोडी आणि अडचणी त्याच, म्हणून त्यांचा समावेश. सिंगापूरही आहे, पण त्याला कुणापुढे हात पसरावा लागत नाही.

हवामानाच्या आंतरराष्ट्रीय वाटाघाटींमध्ये हे देश १९९० पासून ‘एओसिस’ या आघाडीच्या नावाने एकत्र बोलतात. एकेकट्याला तिथे कोण विचारतो?

हा पैसा मदत म्हणून मिळतो की कर्ज म्हणून?

दोन्ही, आणि गोंधळ इथूनच सुरू होतो. १९९२ च्या हवामान कराराने विकसित देशांवर अर्थसाहाय्याची जबाबदारी टाकली, पण अनुदान आणि सवलतीचे कर्ज या दोन्ही वाटा मोकळ्या ठेवल्या. जगभरात दिल्या जाणाऱ्या सरकारी हवामान निधीतला मोठा भाग आजही कर्जच असतो.

सौरऊर्जेचा प्रकल्प वीज विकून कर्ज फेडू शकतो. समुद्राला घातलेल्या बांधाचे तिकीट कोण काढणार? बेटांची गरज मुख्यतः या दुसऱ्या प्रकारची असते: किनाऱ्याचे रक्षण, पिण्याचे पाणी, वादळात टिकणारी शाळा-दवाखान्यांची छपरे. याला हवामानाच्या भाषेत अनुकूलन म्हणतात. त्यातून जीव वाचतात, मालमत्ता वाचते, पण तिजोरीत रोख काही येत नाही. म्हणून बेटांचा आग्रह अनुदानाचा असतो. जागतिक उत्सर्जनात त्यांचा वाटा नगण्य आहे, हा मुद्दा वेगळाच.

कोणकोणत्या खिडक्या उपलब्ध आहेत?

सर्वांत मोठी म्हणजे ग्रीन क्लायमेट फंड. २०१० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या कानकुन हवामान परिषदेत त्याची स्थापना ठरली. मुख्यालय दक्षिण कोरियातल्या सोंगदो इथे आहे आणि पहिले प्रकल्प २०१५ मध्ये मंजूर झाले. आपला निम्मा निधी अनुकूलनाला द्यायचा आणि त्यातला किमान निम्मा बेट-देश, अल्पविकसित देश आणि आफ्रिकी देशांना, असे या फंडाचे धोरण आहे. त्याच्या २४ सदस्यांच्या मंडळात बेट-देशांसाठी एक खुर्ची राखीव आहे.

अॅडॅप्टेशन फंड आकाराने लहान, पण उत्सर्जन घटवण्याच्या क्योटो करारातून आलेला जुना फंड. देशातल्याच संस्थेला थेट पैसे देण्याची पद्धत हवामान निधीत त्यानेच पहिल्यांदा रुळवली. मॉरिशसच्या किनाऱ्यासाठी २०११ मध्ये मंजूर झालेले सुमारे ९१ लाख डॉलर इथलेच. त्यातून मॉन शुआझीच्या किनाऱ्याजवळ लाटांचा जोर मोडणारी रचना, रिव्हिएर दे गालेला संरक्षक भिंत आणि कात्र सरला निवारा केंद्र अशी कामे झाली. हा फंड एका देशाला एकूण १ कोटी डॉलरच्या पुढे देत नसे. २०२१ मध्ये ही मर्यादा २ कोटी केली गेली.

याशिवाय ग्लोबल एन्व्हायर्नमेंट फॅसिलिटी हा पर्यावरणासाठीचा आंतरराष्ट्रीय निधी आहे. अल्पविकसित देशांसाठीचा एक वेगळा फंड तीच चालवते. जागतिक बँक आणि आशियाई विकास बँक आहेत. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, जपान, युरोपीय संघ हे थेट देणारे आहेत. आणि सर्वांत नवा तो हानी आणि नुकसान निधी, त्याचा स्वतंत्र प्रश्न खाली आहे.

प्रत्येक खिडकीचा अर्ज वेगळा, अहवालाचा नमुना वेगळा, हिशेब तपासण्याची रीत वेगळी. हे सगळे सांभाळायला मंत्रालयात बहुधा तीच दोन-चार माणसे असतात.

देशाचे सरकार ग्रीन क्लायमेट फंडाकडे थेट अर्ज करू शकते का?

नाही. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हे पटत नाही, पण सगळी व्यवस्था याच गोष्टीभोवती फिरते.

प्रत्येक देश एक अधिकृत कार्यालय नेमतो, बहुधा अर्थ किंवा पर्यावरण मंत्रालय. हे कार्यालय प्रकल्पाला ना-हरकत पत्र देते. त्या पत्राशिवाय फाइल पुढे सरकत नाही. पण प्रस्ताव मांडायचा, पैसे ताब्यात घ्यायचे आणि त्याचा जाब द्यायचा तो फंडाने मान्यता दिलेल्या संस्थेने. भारतापुरते सांगायचे तर ना-हरकत पत्र दिल्लीतले पर्यावरण मंत्रालय देते आणि मान्यताप्राप्त संस्थांपैकी एक म्हणजे मुंबईत मुख्यालय असलेली नाबार्ड. नाबार्डला ही मान्यता २०१५ मध्ये मिळाली.

आता नाबार्डसारखी संस्था तुवालूत कुठून आणायची? संपूर्ण देशाची लोकसंख्या सुमारे ११ हजार आहे, म्हणजे आपल्याकडचे एखादे मोठे गाव.

मान्यता मिळवणे एवढे अवघड का?

फंडाला खात्री हवी असते की पैसा योग्य ठिकाणी जाईल. म्हणून अंतर्गत लेखापरीक्षण, खरेदीची नियमावली, गैरव्यवहाराची तक्रार करण्याची सोय, पर्यावरण आणि सामाजिक परिणाम तपासण्याची पद्धत, स्त्री-पुरुष समानतेचे धोरण, हे सगळे कागदावर असावे लागते. नुसते कागदावर असून भागत नाही, आजवर ते पाळले गेल्याचे पुरावेही द्यावे लागतात.

यातली एकही अट चुकीची आहे असे म्हणता येणार नाही. पण जिथे खरेदी करणारा, हिशेब लिहिणारा आणि तपासणारा वेगवेगळा असला पाहिजे, तिथे कार्यालयात मुळात दोनच माणसे असतील तर? त्यांच्यातला एक जण परदेशी परिषदेला गेला की उरलेला एकटाच सगळी टेबले सांभाळतो. या देशांना पैशाआधी माणसांची टंचाई आहे, हे माझ्या मते या विषयातले सर्वांत दुर्लक्षित सत्य आहे.

तरीही काहींनी हे केले आहे. फिजी डेव्हलपमेंट बँक, मायक्रोनेशिया कॉन्झर्व्हेशन ट्रस्ट, कुक आयलंड्सचे अर्थ मंत्रालय आणि अँटिग्वा आणि बार्बुडाचा पर्यावरण विभाग यांना मान्यता मिळाली आहे.

अँटिग्वाची गोष्ट थोडी थांबून पाहण्यासारखी आहे. एका छोट्या देशातला सरकारी विभाग. २०१७ मध्ये त्याला मान्यता मिळाली आणि पुढच्याच वर्षी त्याने २ कोटी डॉलरचा प्रकल्प मंजूर करून आणला. तोही एकट्यासाठी नाही, तर शेजारच्या डॉमिनिका आणि ग्रेनाडासह तीन देशांसाठी. कोणत्या कामाला किती द्यायचे याचे निर्णय स्थानिक पातळीवर घेता येतील, अशी त्याची रचना ठेवली. सोंगदोला बसलेल्या मंडळाने प्रत्येक गटार आणि प्रत्येक छप्पर मंजूर करण्यापेक्षा हे कितीतरी शहाणपणाचे.

आपली मान्यताप्राप्त संस्था नसेल तर काय?

मग मध्यस्थ गाठायचा. संयुक्त राष्ट्रांचा विकास कार्यक्रम, जागतिक बँक, आशियाई विकास बँक हे नेहमीचे मध्यस्थ. दुसरा मार्ग प्रादेशिक संस्थांचा: प्रशांत महासागरात सामोआच्या आपियामधली ‘स्प्रेप’ ही पर्यावरण संस्था आणि कॅरिबियनसाठी बेलीझमध्ये असलेले कॅरिबियन समुदायाचे हवामान बदल केंद्र. व्हानुआतूची हवामान माहिती सेवा सुधारण्याचा प्रकल्प स्प्रेपमार्फतच मंजूर झाला.

मध्यस्थ आपले शुल्क घेतो, ते ठीक आहे. काम फुकट कुणी करत नाही. खरी किंमत वेगळी असते. प्रकल्प संपतो, सल्लागार विमानात बसतात आणि अर्ज कसा लिहायचा ते ज्ञानही त्यांच्या लॅपटॉपमधून निघून जाते. पुढच्या प्रकल्पाला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. प्रादेशिक संस्थांचे तसे नाही. त्या तिथेच राहतात, माणसेही बरीचशी तिथलीच असतात. म्हणून जमेल तिथे हाच मार्ग बरा, असे मला वाटते.

प्रत्यक्ष झालेल्या एखाद्या कामाचे उदाहरण द्याल?

तुवालूचेच घेऊ. राजधानी फुनाफुटीचे मुख्य बेट फोंगाफाले म्हणजे जमिनीची एक लांबट पट्टी, एका बाजूला महासागर आणि दुसऱ्या बाजूला खाजण. काही ठिकाणी ती इतकी अरुंद आहे की रस्त्यावर उभे राहिले की दोन्हीकडचे पाणी दिसते.

२०१६ मध्ये ग्रीन क्लायमेट फंडाने या देशाच्या किनारा संरक्षणासाठी ३ कोटी ६० लाख डॉलर मंजूर केले. तुवालूने स्वतःचे २९ लाख घातले. मध्यस्थ होता संयुक्त राष्ट्रांचा विकास कार्यक्रम. फोंगाफालेच्या खाजणाकडच्या बाजूला वाळू उपसून भर घातली गेली आणि तिची कड वाळूने भरलेल्या प्रचंड पिशव्यांनी बांधून काढली. तयार झालेली जमीन सुमारे ७८० मीटर लांब आणि १०० मीटर रुंद आहे, म्हणजे सात हेक्टरांहून थोडी जास्त. या टोकापासून त्या टोकाला चालत जायला दहा मिनिटे पुरतील. पण २१०० नंतरच्या समुद्रपातळीचा अंदाज धरून तिची उंची ठरवली आहे, आणि इतक्या लहान देशात कोरडी राहील अशी सात हेक्टर जमीन ही चैन नाही. नानुमेआ आणि नानुमागा या बाहेरच्या बेटांवर वादळी लाटा अडवणारे बांधही याच प्रकल्पातले.

फोंगाफालेचे भरावाचे काम पुरे झाले २०२३ च्या अखेरीस. मंजुरीपासून सात वर्षे. मध्ये कोविड आला, तुवालूने सीमा बंद केल्या. यंत्रसामग्री जहाजाने येणार, तज्ज्ञ फिजीहून येणाऱ्या मोजक्या विमानांनी येणार. एक जरी फेरी चुकली तरी वेळापत्रक कोलमडते.

अर्जात नेमके काय सिद्ध करावे लागते?

हे नुकसान हवामान बदलामुळे आहे, साध्या विकासाच्या अभावामुळे नाही. ऐकायला सोपे वाटते.

किरिबातीची राजधानी साउथ तारावा पाहा. तिथे गोड पाणी जमिनीखालच्या एका पातळ थरात असते. समुद्र चढला, दुष्काळ पडला की हा थर खारट होतो. पण दाट वस्तीचे सांडपाणीही त्याच जमिनीत मुरते. मग विहिरीचे पाणी खराब झाले त्यात हवामानाचा दोष किती आणि गटारांचा किती? गावकऱ्याला हा प्रश्न निरर्थक वाटेल, त्याला प्यायला पाणी हवे. निधी देणाऱ्याला मात्र याचे उत्तर आकड्यांत लागते. शेवटी २०१८ मध्ये तारावाच्या पाणी योजनेला सुमारे २ कोटी ८६ लाख डॉलर मिळाले आणि समुद्राचे पाणी गोडे करण्याचा मार्ग निवडला गेला. इथे मध्यस्थ आशियाई विकास बँक होती.

आकडे द्यायचे तर अनेक वर्षांच्या नोंदी हव्यात: भरती-ओहोटीच्या, पावसाच्या, जमिनीच्या उंचीच्या. तुवालूच्या सर्व बेटांची उंची विमानातून लेझरने मोजली गेली ती वर सांगितलेल्या प्रकल्पातूनच, म्हणजे निधी मंजूर झाल्यानंतर. पुरावा गोळा करायला पैसा लागतो आणि पैसा मिळवायला पुरावा लागतो, असे हे त्रांगडे आहे.

एकूण किती वेळ जातो?

ग्रीन क्लायमेट फंडात प्रस्तावाच्या छाननीलाच दोन-दोन वर्षे लागत. २०२३ मध्ये मफाल्डा दुआर्ते कार्यकारी संचालक झाल्या, त्यानंतर हा काळ २४ महिन्यांवरून नऊवर आणण्याचे उद्दिष्ट जाहीर झाले. छोट्या, कमी जोखमीच्या प्रकल्पांसाठी सोपी प्रक्रिया आहे. तिची मर्यादा आधी १ कोटी डॉलर होती, ती २०२२ मध्ये अडीच कोटी झाली. पूर्वतयारीसाठी वेगळे अनुदानही मिळते. त्यातून माणसे नेमता येतात, धोरणे लिहून घेता येतात.

‘सोपी’ प्रक्रिया सोपी आहे असे तिच्यातून गेलेले फारसे कोणी म्हणत नाहीत. पाच-दहा कोटींच्या प्रकल्पाला लागतात जवळपास तेवढेच अभ्यास पन्नास लाखांच्या कामालाही लागले, तर नाकापेक्षा मोती जड होणारच.

मालदीव, बार्बाडोस यांचे दरडोई उत्पन्न तर चांगले आहे. मग त्यांना मदत कशाला?

हा प्रश्न फक्त वाचक विचारत नाहीत, बँकाही विचारतात, आणि त्याचीच शिक्षा ही बेटे भोगतात.

देश संयुक्त राष्ट्रांच्या ‘अल्पविकसित’ यादीतून वर सरकला की त्याच्यासाठी राखीव असलेला निधी बंद होतो. मालदीव २०११ मध्ये, सामोआ २०१४ मध्ये, व्हानुआतू २०२० मध्ये या यादीतून बाहेर पडले. पण उत्पन्नाचा आकडा पर्यटनावर उभा असतो आणि एका रात्रीत खाली येतो. २०१७ च्या मारिया चक्रीवादळाने डॉमिनिकाचे नुकसान केले ते देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या २२६ टक्के. महाराष्ट्रात कितीही मोठा महापूर आला तरी भारताच्या उत्पन्नाच्या दुप्पट नुकसान होणे शक्य नाही. तिथे मात्र एका वादळाच्या वाटेत अख्खा देश असतो.

मॉरिशसचे पाहा. जुलै २०२० मध्ये जागतिक बँकेने त्याला उच्च उत्पन्न गटात बसवले. तेव्हा कोविडमुळे पर्यटक यायचे थांबलेले होते आणि त्याच महिन्यात ‘वाकाशिओ’ जहाज प्रवाळावर आदळले. त्यातून पुढे तेल सांडले. वर्षभरात देश पुन्हा खालच्या गटात आला.

म्हणून उत्पन्नाऐवजी असुरक्षितता मोजा, ही बेटांची जुनी मागणी. ऑगस्ट २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने बहुआयामी असुरक्षितता निर्देशांक स्वीकारला. तो वापरण्याची सक्ती मात्र कोणत्याही बँकेवर नाही. जागतिक बँक छोट्या बेटांना उत्पन्नाची मर्यादा ओलांडल्यावरही सवलतीचे कर्ज देते आणि तो अपवाद १९८५ पासूनचा आहे. म्हणजे मनात आणले तर नियम वाकतात.

वादळ येऊन गेल्यावर लगेच पैसे मिळू शकतात का?

वरच्या फंडांतून नाही. त्यासाठी विमा आणि कर्जातली कलमे लागतात.

कॅरिबियन देशांनी २००७ मध्ये ‘सीसीआरआयएफ’ नावाचा सामायिक विमा निधी उभारला. यात नुकसानीचा पंचनामा नसतो. वाऱ्याचा वेग, पाऊस असे मोजमाप ठरलेल्या रेषेपलीकडे गेले की १४ दिवसांच्या आत पैसे. १ जुलै २०२४ ला बेरिल चक्रीवादळ ग्रेनाडाच्या कॅरिआकू बेटावर धडकले तेव्हा या निधीने ग्रेनाडाला ४ कोटी ४० लाख डॉलर दिले.

ग्रेनाडाकडे आणखी एक हुकमी पान होते. २००४ च्या इव्हान वादळाने हा देश कर्जाच्या गर्तेत ढकलला गेला होता. २०१५ मध्ये कर्जाची फेररचना करताना त्याने सावकारांकडून एक कलम लिहून घेतले: मोठे वादळ आले तर हप्ते पुढे ढकलता येतील. बेरिलनंतर ते कलम वापरले गेले. सरकारच्या हाती तात्काळ रोख राहिली. अशी कलमे सगळ्या कर्जांत असावीत, ही बार्बाडोसच्या पंतप्रधान मिया मॉटली यांच्या, जागतिक कर्जव्यवस्था बदलू पाहणाऱ्या ब्रिजटाउन प्रस्तावातली एक मुख्य मागणी आहे.

मोजमापावर चालणाऱ्या विम्याची दुसरी बाजूही बेरिलनेच दाखवली. जमैकाने जागतिक बँकेमार्फत १५ कोटी डॉलरचा आपत्ती रोखा काढला होता, म्हणजे वादळ ठरलेल्या मापाइतके तीव्र झाले तर रोखा घेणाऱ्यांचा पैसा देशाला मिळतो. बेरिल जमैकाच्या दक्षिण किनाऱ्याला झोडपून गेले, लोकांची घरे गेली, पण हवेचा दाब करारात लिहिलेल्या आकड्याइतका खाली उतरला नाही. एक पैसाही मिळाला नाही. पुढे ऑक्टोबर २०२५ मध्ये मेलिसा हे त्याहून भीषण वादळ आले आणि तेव्हा १५ कोटी पूर्ण मिळाले. विमा कंपनीने फसवले असे यात काही नाही, करारात जे होते तेच झाले. पण छप्पर उडालेल्या माणसाला दाबाचा आकडा समजावून कोण सांगणार?

हानी आणि नुकसान निधी हा काय प्रकार आहे?

अनुकूलन म्हणजे नुकसान होऊ नये म्हणून केलेली तजवीज. हा निधी नुकसान होऊन गेल्यानंतरचा आहे. १९९१ मध्ये, हवामान करार व्हायच्याही आधी, व्हानुआतूने बेट-देशांच्या वतीने अशी भरपाईची योजना मांडली होती. ती मान्य व्हायला २०२२ ची शर्म अल-शेख परिषद उजाडली. दुबईत २०२३ मध्ये निधी प्रत्यक्षात आला. त्याचे मंडळ फिलिपाइन्समध्ये आहे.

एप्रिल २०२५ मध्ये बार्बाडोसला झालेल्या बैठकीत पहिल्या टप्प्यासाठी २५ कोटी डॉलर ठरवले गेले. एका कामाला ५० लाख ते २ कोटी डॉलर अनुदान, आणि किमान निम्मा वाटा बेट-देश आणि अल्पविकसित देशांना. सरकारच्या अर्थसंकल्पात थेट पैसे देण्याची वाटही यात ठेवली आहे आणि या निधीतली मला सर्वांत आश्वासक वाटणारी गोष्ट तीच. नोव्हेंबर २०२५ च्या बेलेम परिषदेत पहिले अर्ज मागवले गेले. रक्कम मात्र तुटपुंजी आहे. एका मेलिसाच्या नुकसानीपुढेही ती चिमूटभर ठरेल.

कर्जाच्या बदल्यात निसर्ग संवर्धन, हा मार्ग कितपत चालतो?

यात देशाचे जुने कर्ज सवलतीत मिटवले जाते आणि त्या बदल्यात देश निसर्ग संवर्धनाची कामे कबूल करतो. सेशेल्सने २०१६ मध्ये सुमारे २ कोटी १६ लाख डॉलरच्या कर्जाची अशी अदलाबदल केली आणि २०२० पर्यंत आपल्या सागरी क्षेत्राचा ३० टक्के भाग संरक्षित जाहीर केला. २०१८ मध्ये दीड कोटी डॉलरचा निळा रोखाही, म्हणजे सागरी कामांसाठीचा कर्जरोखा, काढला. याच पद्धतीने बेलीझने २०२१ मध्ये ५५ कोटींच्या आसपासचे रोखे डॉलरला ५५ सेंट दराने परत घेतले.

कर्जाचा बोजा खरोखर हलका होतो, यात वाद नाही. पण वकील, हमीदार, सल्लागार यांचा खर्च मोठा असतो आणि आपल्याच समुद्राचे काय करायचे ते परदेशी करारात बांधले जाते. ज्याच्यावर महाग कर्ज आहे त्यालाच हा मार्ग लाभतो. तुवालूसारख्या देशाला याचा फारसा उपयोग नाही.

बाकू परिषदेत बेट-देश बैठकीतून उठून का गेले?

२३ नोव्हेंबर २०२४ ची गोष्ट. बाकूच्या हवामान परिषदेत हवामान निधीचे नवे जागतिक उद्दिष्ट ठरत होते. एकूण रकमेतून बेट-देशांसाठी वर्षाला किमान ३९ अब्ज डॉलर राखून ठेवा, अशी त्यांची मागणी होती. मसुद्यात त्याचा पत्ता नव्हता, तेव्हा सामोआचे मंत्री सेड्रिक शुस्टर यांच्या नेतृत्वाखाली बेट-देश आणि त्यांच्यासोबत अल्पविकसित देश चर्चेतून बाहेर पडले. नंतर परत आले, कारण न येऊन सांगणार कुणाला? शेवटी २०३५ पर्यंत वर्षाला किमान ३०० अब्ज डॉलर ठरले, बेटांचा राखीव वाटा काही ठरला नाही.

त्यानंतर २०२५ मध्ये अमेरिकेने ग्रीन क्लायमेट फंडाला द्यायचे राहिलेले ४ अब्ज डॉलर रद्द केले आणि हानी आणि नुकसान निधीच्या मंडळातूनही अंग काढून घेतले.

यात भारत कुठे आहे?

दोन्ही बाजूंना. डिसेंबर २०१४ मध्ये मालदीवची राजधानी मालेतले पाणी गोडे करणारे संयंत्र आगीने बंद पडले, तेव्हा भारताने हवाई दलाची विमाने आणि नौदलाची जहाजे पाठवून पिण्याचे पाणी पोचवले होते. पुढच्याच वर्षी मालदीवच्या बाहेरच्या बेटांवरील पाणीटंचाईसाठी ग्रीन क्लायमेट फंडाने २ कोटी ३६ लाख डॉलर मंजूर केले. फंडाच्या अगदी पहिल्या प्रकल्पांतला हा एक. भारताच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या आपत्ती-सक्षम पायाभूत सुविधा आघाडीने २०२१ मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत बेट-देशांसाठी खास कार्यक्रम सुरू केला. २०१७ पासून भारत-संयुक्त राष्ट्रे विकास भागीदारी निधीही आहे.

पण त्याच ग्रीन क्लायमेट फंडाकडून भारत स्वतःही घेतो. आंध्र, ओडिशा आणि महाराष्ट्राच्या किनाऱ्यासाठी २०१८ मध्ये ४ कोटी ३४ लाख डॉलरचे अनुदान मंजूर झाले. कोकणात सिंधुदुर्गाकडे कांदळवन संवर्धन आणि खेकडेपालनाची कामे त्यातूनच चालतात. आणि इथेही मध्यस्थ नाबार्ड नाही, संयुक्त राष्ट्रांचा विकास कार्यक्रमच आहे.

एखाद्या देशाला खरोखर किती पैसे मिळाले, ते कुठे पाहायचे?

ग्रीन क्लायमेट फंड आणि अॅडॅप्टेशन फंड या दोघांच्याही संकेतस्थळांवर देशवार आणि प्रकल्पवार पाने आहेत, प्रस्तावाची मूळ कागदपत्रेही तिथेच मिळतात. पाहताना दोन आकडे वेगळे धरा, मंजूर रक्कम आणि वितरित रक्कम. बातम्यांत पहिलाच आकडा येतो. एकाच प्रकल्पात अनेक देश असतील तर पूर्ण रक्कम एकाच देशाच्या नावावर मोजू नका. आणि मध्यस्थ संस्थेचे नाव जरूर पाहा. प्रकल्पाचे वार्षिक अहवाल तिच्याच नावाने दाखल होतात, त्यामुळे काम कुठवर आले ते शोधताना देशाच्या नावापेक्षा तेच उपयोगी पडते.